चुंबक: घडतो कसा, टिकतो कसा

बंद पडलेल्या संगणकाची हार्ड डिस्क खोलून पाहिली, तर तिच्या एका कोपऱ्यात पोलादी पट्ट्यांना चिकटवलेले कोयरीच्या आकाराचे चकचकीत चुंबक आढळतात. जाडी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. पण दोन चुंबक एकमेकांना चिकटले की बोटांनी ओढून ते सुटत नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेत लाल रंगाचा नालाकृती चुंबक हाताळलेल्या पिढीला हा अनुभव चकित करणारा असतो. त्या चुंबकाला चार-सहा टाचण्या लटकत आणि काही वर्षांत तेवढीही शक्ती त्याच्यात उरत नसे. गंमत अशी, की दोन्ही चुंबक प्रामुख्याने लोखंडाचेच आहेत. हार्ड डिस्कमधील चुंबकातही वजनाने जवळजवळ दोन तृतीयांश लोखंड असते. मग एवढा फरक येतो कोठून?

लोखंडात चुंबकत्व बाहेरून 'भरले' जाते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ते त्यात आधीपासूनच असते. सुईवर चुंबक घासून सुईचा चुंबक केला, तर मूळ चुंबकाचे काही कमी होत नाही आणि सुईचे वजनही वाढत नाही. चुंबक तयार करणे म्हणजे पदार्थात विखुरलेले चुंबकत्व एका दिशेला वळवणे आणि नंतर ते पुन्हा विस्कटू न देणे. यांतील पहिले काम सोपे आहे, दुसरे महाकठीण. चुंबकनिर्मितीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा बव्हंशी या दुसऱ्या कामाचा इतिहास होय.

मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे काही तुकडे निसर्गतःच लोखंडाला ओढतात, हे ग्रीक आणि चिनी लोकांना दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होते. शेन क्वो या चिनी विद्वानाने १०८८ च्या सुमारास चुंबकसूचीचे वर्णन लिहिले, आणि ती नेमकी दक्षिणेकडे न राहता किंचित बाजूला कलते, हेही नोंदवले. युरोपात मात्र चुंबकाभोवती पुष्कळ दंतकथा साचल्या होत्या. लसूण चोळली की चुंबकाची शक्ती नाहीशी होते, ही त्यांपैकीच एक. लंडनमधील वैद्य विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा समजुती प्रयोगांनी खोडून काढल्या आणि पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक असल्याचे प्रतिपादन केले. पृथ्वीच्या पोटात कोणी चुंबकपट्टी ठेवलेली नाही, ही समज पुढे आली. तेथील उष्णतेत कोणत्याही चुंबकाचा टिकाव लागणार नाही. बाह्य गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाच्या अभिसरणामुळे ज्या विद्युतधारा वाहतात, त्यांतून पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते.

वीज आणि चुंबकत्व यांचा हा संबंध १८२० साली उघडकीस आला. कोपनहेगन येथील प्राध्यापक हान्स ख्रिश्चन ऑर्स्टेड यांना तारेतून विद्युतधारा वाहताच जवळची चुंबकसूची हलताना दिसली. फ्रान्समध्ये आंद्रे-मारी अँपिअर यांनी त्यावरून धाडसी अनुमान काढले: चुंबकत्व म्हणून वेगळे काही नाहीच, चुंबकाच्या आतही विजेची सूक्ष्म वर्तुळे फिरत असली पाहिजेत. तारेचे वेटोळे करून त्यात मऊ लोखंडाचा गाभा घातला की विद्युतचुंबक तयार होतो. इंग्लंडच्या विल्यम स्टर्जन यांनी असा पहिला चुंबक १८२५ मध्ये तयार केला.

विद्युतधारा म्हणजे चुंबक, या सत्याचा फटका पुढे मुंबईलाही बसला. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात. सप्टेंबर १८५९ मधील प्रसिद्ध सौर वादळाची नोंदही तेथे झालेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवरील ट्राम सुरू करण्याचे ठरले, तेव्हा ट्रामच्या विद्युतधारांमुळे नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडणार हे उघड झाले आणि चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये खाडीपलीकडे अलिबागला उभारण्यात आली. तिच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळले आहे. ट्राम १९०७ मध्ये धावू लागली आणि १९६४ मध्ये बंद पडली. अलिबागच्या नोंदी अद्याप चालू आहेत.

अँपिअर यांच्या 'सूक्ष्म वर्तुळां'चा खरा अर्थ कळायला शंभर वर्षे जावी लागली. अणूतील प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. त्याच्या या अंगभूत गुणधर्माला 'स्पिन' म्हणतात. १९२५ मध्ये जॉर्ज उहलेनबेक व सॅम्युअल गाउडस्मिट यांनी ही कल्पना मांडली. इलेक्ट्रॉन स्वतःभोवती भोवऱ्यासारखा फिरतो, असे सोयीसाठी सांगितले जाते, परंतु ही उपमा फार ताणू नये. इलेक्ट्रॉन म्हणजे गरगरणारी गोटी नव्हे. बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने राहतात आणि जोडीतील दोघांची दिशा परस्परविरुद्ध असल्याने त्यांचे चुंबकत्व एकमेकांस छेदते. लाकूड, कागद, पाणी यांना चुंबकाचे सोयरसुतक नसते ते यामुळे. लोखंडाच्या सुट्या अणूत मात्र चार इलेक्ट्रॉन बिनजोडीचे असतात.

पण अणू चुंबकीय असले म्हणून पदार्थ चुंबक होत नाही. अब्जावधी अणूंनी एकाच दिशेला तोंड करावे, यासाठी त्यांना काहीतरी बांधून ठेवणारे हवे. एका अणूच्या चुंबकीय क्षेत्राने शेजाऱ्याला वळवावे, हे उत्तर मनात सहज येते. हिशेब केला तर ते पार फसते. हे बल इतके दुबळे आहे की निरपेक्ष शून्याच्या अंशभर वरच्या उष्णतेनेही ती रांग मोडेल. खरे उत्तर वेर्नर हायझेनबर्ग यांनी १९२८ मध्ये दिले. पुंज यांत्रिकीच्या नियमानुसार समान दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांपासून दूर राहतात. ते दूर राहिले की त्यांच्यातील विद्युत प्रतिसारणाची ऊर्जा कमी होते. लोखंडाच्या अणुरचनेत ही बचत एवढी मोठी ठरते की शेजारचे अणू आपोआप एका दिशेला वळतात. थोडक्यात, चुंबकाची एकजूट टिकवणारे बल मुळात विद्युत स्वरूपाचे आहे. जुन्या पदार्थविज्ञानाच्या चौकटीत चुंबक संभवतच नाही. स्वयंपाकघरातील फ्रिजला चिकटलेली चकती ही पुंज यांत्रिकीची, हातात धरता येणारी साक्ष आहे.

सामान्य तापमानाला ही किमया साधणारी शुद्ध मूलद्रव्ये तीनच: लोह, कोबाल्ट आणि निकेल. गॅडोलिनियम हे चौथे, पण त्याची मर्यादा सुमारे २० अंश सेल्सियसची. म्हणजे मुंबईच्या उन्हाळ्यात ते चुंबकाकडे फारसे ओढले जाणार नाही, महाबळेश्वरच्या डिसेंबरमध्ये जाईल! प्रत्येक चुंबकीय पदार्थाला अशी एक तापमानमर्यादा असते. पिएर क्यूरी यांनी १८९५ मध्ये या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून तिला क्यूरी तापमान म्हणतात. लोखंडाचे ७७० अंश आहे. त्यापलीकडे अणूंची थरथर एकजुटीवर मात करते आणि लालभडक लोखंड चुंबकाला दाद देत नाही.

अणूंची मांडणी किती महत्त्वाची, याचे उदाहरण घराघरात आहे. भांड्यांच्या दुकानात पुष्कळ गृहिणी चुंबक लावून स्टील पारखतात. चिकटला नाही तर स्टील चांगले. या भांड्यांत सत्तर टक्क्यांच्या आसपास लोखंड असूनही चुंबक चिकटत नाही, कारण निकेल मिसळल्याने स्फटिकातील अणूंची ठेवण बदलते आणि शेजाऱ्यांची ती एकजूट होत नाही. मात्र ही परीक्षा पूर्ण विश्वासार्ह नव्हे: निकेलचा काही भाग वाचवून त्याऐवजी मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही. उलट इंडक्शन शेगडीसाठी भांडे घेताना चुंबक चिकटणारे बूडच हवे.

आता प्रश्न असा, की साध्या लोखंडी खिळ्यातही अणूंची ही एकजूट असते, तर प्रत्येक खिळा चुंबक का नाही? फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर वाइस यांनी १९०७ मध्ये याचा उलगडा केला. लोखंडाच्या आत सूक्ष्म विभाग असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'डोमेन' म्हणतात. आपण प्रांत म्हणू. एका प्रांतातील सर्व अणू एकदिश असतात, पण शेजारच्या प्रांताची दिशा वेगळी असते. एकूण बेरीज शून्य होते. खिळ्याजवळ चुंबक आणला की अनुकूल दिशेचे प्रांत शेजाऱ्यांची जमीन बळकावत वाढतात आणि खिळा तात्पुरता चुंबक बनतो. चुंबक दूर नेला की सीमा बहुतांशी पूर्ववत होतात. शालेय पुस्तकांतील एकस्पर्शी व द्विस्पर्शी पद्धती म्हणजे या सीमा एकाच दिशेने रेटण्याचे घरगुती मार्ग. चुंबकाचे दोन तुकडे केले तरी प्रत्येकाला उत्तर व दक्षिण ध्रुव असतातच, कारण ध्रुव टोकांना साठवलेले नसतात. ती रांगेची दोन टोके आहेत, आणि रांग कोठेही तोडली तरी टोके दोनच राहणार.

येथे पदार्थांचे दोन वर्ग पडतात. काहींचे प्रांत चटकन वळतात व चटकन विसरतात. रोहित्रांच्या गाभ्यात, विद्युतचुंबकात, भंगार उचलणाऱ्या क्रेनमध्ये असाच विसराळू पदार्थ लागतो. स्थायी चुंबकाला मात्र चिवट स्मरणशक्ती हवी. उलट दिशेच्या क्षेत्राला दाद न देण्याच्या या गुणाला 'कोअर्सिव्हिटी' म्हणतात. ही नुसती बाहेरच्या शत्रूंपासून बचावाची बाब नाही. प्रत्येक चुंबकाचे स्वतःचे क्षेत्रही आतून त्याला उलटवू पाहत असते आणि चुंबक जितका आखूड, तितका हा अंतर्गत विरोध तीव्र. जुने पोलादी चुंबक लांब पट्टीचे किंवा नालाकृती करीत, ते शोभेसाठी नव्हे. आखूड केले असते तर त्यांनी स्वतःलाच निष्प्रभ केले असते. कपाटात ठेवताना त्यांच्या टोकांवर मऊ लोखंडाची पट्टी ठेवण्याचा शाळेतील दंडकही याचसाठी.

या चिवटपणाचा शोध प्रामुख्याने जपानमध्ये लागला, हे विशेष. कोतारो होंडा यांनी १९१७ मध्ये कोबाल्टयुक्त पोलादाचा चुंबक तयार केला. १९३१ मध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोखंडात निकेल व ॲल्युमिनियम मिसळले. त्यातून अल्निको मिश्रधातूंचे घराणे निघाले, जे आजही गिटारच्या पिकअपमध्ये भेटते. त्यानंतर आले फेराइट: लोहाचा ऑक्साइड आणि बेरियम किंवा स्ट्राँशियम यांची भाजलेली काळी, ठिसूळ चिनीमाती जणू. ध्वनिवर्धकामागचे काळे कडे फेराइटचे असते. शक्ती बेताची, किंमत नगण्य, गंज नाही. वजनाचा विचार केला तर जगात सर्वाधिक चुंबक आजही फेराइटचेच तयार होतात. फ्रिजवरचे लवचीक चुंबक म्हणजे रबरात मिसळलेली फेराइटची भुकटी. त्याच्या एकाच बाजूवर उत्तर-दक्षिण ध्रुवांचे पट्टे आलटून पालटून आखलेले असतात. असे दोन चुंबक पाठीला पाठ लावून सरकवले तर पट्ट्यांचा खडखडाट हाताला जाणवतो. जरूर करून पाहावे.

अमेरिकेत कार्ल स्ट्रनाट यांनी १९६६ मध्ये वेगळी वाट दाखवली. सॅमेरियमसारख्या 'दुर्मीळ मृदा' मूलद्रव्यांचे अणू स्फटिकाच्या विशिष्ट अक्षाला घट्ट धरून राहतात. त्यांची कोबाल्टशी सांगड घातल्यावर अभूतपूर्व चिवटपणा मिळाला. परंतु कोबाल्ट महाग, आणि १९७८ मधील झैरेतील संघर्षानंतर तो आणखीच महागला. जपानी तंत्रज्ञ मासातो सागावा यांना त्याच्या जागी स्वस्त लोखंड वापरायचे होते. अडचण अशी, की या मिश्रधातूंत लोहाचे काही अणू एकमेकांच्या फार निकट येतात आणि क्यूरी तापमान घसरते. बोरॉनसारखा लहान अणू मध्ये घुसवला तर अंतर वाढेल, अशी कल्पना सागावांना सुचली. ती नेमकी त्याच कारणाने यशस्वी झाली असे म्हणता येत नाही, कारण बोरॉनमुळे एक निराळाच स्फटिक तयार झाला. पण चुंबक मिळाला. दोन भाग निओडिमियम, चौदा भाग लोह, एक भाग बोरॉन, असे अणूंचे प्रमाण. सागावा यांनी आणि स्वतंत्रपणे जनरल मोटर्सच्या जॉन क्रोट यांनी १९८३ मध्ये हा शोध जाहीर केला. होंडा यांच्या पोलादाच्या तुलनेत आजच्या उत्तम निओडिमियम चुंबकाची शक्ती सुमारे पन्नासपट भरते.

तो घडवण्याची रीत मात्र लोहाराच्या कामापेक्षा कुंभाराच्या कामाला जवळची आहे. निओडिमियम, लोह व बोरॉन निर्वात भट्टीत एकत्र वितळवतात आणि तो रस पाण्याने थंड ठेवलेल्या फिरत्या तांब्याच्या चाकावर ओततात. त्याचे पातळ पापुद्रे होतात. हे पापुद्रे हायड्रोजन वायूत ठेवले की वायू शोषून फुगतात आणि तडकून आपोआप चुरा होतो; कठीण धातू कुटण्याचे कष्ट वाचतात. मग नायट्रोजनच्या वेगवान झोतात कण एकमेकांवर आपटून तीन ते पाच मायक्रॉनची भुकटी केली जाते, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंधरा-वीसाव्या हिश्शाएवढी. ही भुकटी हवेच्या संपर्कात आली तर पेट घेते, म्हणून सारी प्रक्रिया प्राणवायूपासून जपून करावी लागते.

पुढची पायरी निर्णायक. साच्यातील भुकटीला प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून दाबतात. प्रत्येक कण हा जवळपास एकेक स्फटिक असल्याने तो क्षेत्राच्या दिशेला वळतो आणि त्याच स्थितीत दाबला जातो. ही वीट मग सुमारे १,००० ते १,१०० अंशांवर निर्वातात भाजतात. ती आक्रसते, घट्ट होते. गंमत म्हणजे या क्षणी तिच्यात चुंबकत्व नावालाही उरत नाही, कारण या पदार्थाचे क्यूरी तापमान अवघे ३१० अंशांच्या आसपास आहे. टिकते ती स्फटिकांची दिशा. अणूंची एकजूट मोडली, तरी ज्या रुळांवरून ती पुन्हा धावायची ते रूळ शाबूत राहतात. त्यानंतर सुमारे ५०० ते ६०० अंशांवर पुन्हा तापवण्याची पायरी असते. तिच्यामुळे स्फटिकांच्या सांध्यांत निओडिमियमयुक्त पातळ थर नीट पसरतो आणि एका कणातील बंडखोरी दुसऱ्यात पसरत नाही. चिवटपणाचे मर्म या थरात आहे, आणि जाणकार कारखान्यांची गुपितेही बहुधा येथेच दडलेली असतात.

भाजलेला ठोकळा काचेसारखा ठिसूळ असतो. हिऱ्याच्या कणांच्या पात्यांनी तो कापून घासतात, आणि लोखंडापेक्षाही लवकर गंजत असल्याने त्यावर निकेलचा मुलामा चढवतात. इथपर्यंत त्याला टाचणीही चिकटत नाही, हे सोयीचेच; अन्यथा सारे तुकडे एकमेकांना आणि यंत्रांना चिकटून बसले असते. सर्वांत शेवटी तुकडा तारेच्या वेटोळ्यात ठेवून संधारित्रांत साठवलेली वीज एका झटक्यात सोडतात. सेकंदाच्या काही हजारांशांत चुंबक तयार होतो. अनेकदा तर मोटारीचे भाग जुळवून झाल्यावरच हा झटका देतात.

या चुंबकाचा शत्रू उष्णता. साधा प्रकार ८० अंशांपलीकडे कमजोर होऊ लागतो, तर विजेवरील गाडीची मोटार त्याहून बरीच तापते. उपाय म्हणून डिस्प्रोसियम किंवा टर्बियम ही जड आणि महाग मूलद्रव्ये थोड्या प्रमाणात मिसळतात. घरातील जुन्या छतपंख्यात स्थायी चुंबक नसतोच. नव्या 'बीएलडीसी' पंख्यात तो असतो आणि म्हणूनच ७५ वॉटचे काम ३० वॉटच्या आसपास भागते. लहान मुलांच्या घरात मात्र या चुंबकांच्या सुट्या गोळ्या ठेवू नयेत. दोन गोळ्या गिळल्या गेल्या तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून त्या एकमेकींना ओढतात आणि मधल्या भिंतीला छिद्र पडते. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे.

निओडिमियम चुंबकांच्या जागतिक उत्पादनापैकी सुमारे नव्वद टक्के चीनमध्ये होते. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात मूलद्रव्यांच्या आणि ती असलेल्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा भारतीय वाहन उद्योगाची कोंडी झाली. चुंबक न मिळाल्यास ऑगस्टमध्ये विजेवरील स्कूटरचे उत्पादन शून्यावर येऊ शकेल, असे पुण्याच्या बजाज ऑटोने जुलैमध्ये जाहीरपणे सांगितले होते. खनिज आपल्याकडे नाही, असे नव्हे. केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत मोनाझाइट आहे आणि त्यात दुर्मीळ मृदांचे सुमारे ७२ लाख टन ऑक्साइड असल्याचा सरकारी अंदाज आहे. मुंबईत मुख्यालय असलेली आयआरईएल ही सरकारी कंपनी १९५० पासून या क्षेत्रात आहे. पण मोनाझाइटमध्ये किरणोत्सारी थोरियम असल्याने त्याचे उत्खनन अणुऊर्जा कायद्याच्या बंधनात येते, जड मूलद्रव्यांचे प्रमाण त्यात फार कमी, आणि मुख्य म्हणजे वाळू व मोटार यांच्या मधल्या पायऱ्या, म्हणजे ऑक्साइडपासून धातू, धातूपासून भुकटी, भुकटीपासून चुंबक, मोठ्या प्रमाणावर उभ्याच राहिल्या नाहीत. विशाखापट्टणम येथे सॅमेरियम-कोबाल्ट चुंबकांचा प्रकल्प मे २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. त्याची क्षमता वर्षाला तीन टन. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्षाला ६,००० टन चुंबकांच्या क्षमतेसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

दरम्यान, भंगारात जाणाऱ्या हार्ड डिस्क हाही एक साठाच आहे. चुंबकाचे तुकडे हायड्रोजनमध्ये ठेवले की ते पापुद्र्यांप्रमाणेच आपोआप भुकटी होऊन गळून पडतात आणि ती भुकटी पुन्हा साच्यात घालता येते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने ही पद्धत विकसित केली आहे. पण डिस्क आधी खोलून चुंबक वेगळा काढावा लागतो. ती सरळ यंत्रात भरडली, तर चुंबकाचा चुरा आसपासच्या लोखंडी भंगाराला घट्ट चिकटतो आणि त्याच्याबरोबर पोलादाच्या भट्टीत जातो.